रविवारचा पेशंट

मामा, मागच्या आठवड्यात तुमच्या तेराव्याची पंगत उठल्यावर मामींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुमच्या कोटाच्या खिशातलं सगळं माझ्यापुढं गादीवर मांडलं. खडूचे दोन तुकडे, चष्मा पुसायचं फडकं, दौंडच्या एसटीचं जुनं तिकीट आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. पट्टी माझ्याच दुकानातली. तिच्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. मामी म्हणाल्या, "दत्ता, ह्या कुणाच्या रं? ह्यांना तर कवा पित्त न्हवतं." मी पट्टी उचलून खिशात घातली आणि बघतो म्हणालो. काय सांगणार होतो त्यांना? गेले दोन महिने दर आठवड्याला तुम्ही दुकानात येऊन ह्याच गोळ्या नेत होतात, आणि नेताना म्हणत होतात की मामींना पित्त झालंय.

मामींना पित्त नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. हे मला आता कळतंय, आणि कळून काही उपयोग नाही.

तुमच्याबद्दल चारचौघांत जे बोलायचं ते बोलून झालंय. पाटसकडच्या हायस्कुलात तुम्ही किती वर्षं इंग्रजी शिकवलंत, तुमच्या हाताखालचे किती जण कुठं कुठं साहेब झाले, ते सगळं सरपंचांनी माइकवर सांगितलं. त्यांना तुमचं नाव नीट घेता आलं, एवढंच मला बरं वाटलं. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून पिंडाला मीच बसलो. सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पोरानं केलं नसतं एवढं भाच्यानं केलं म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला तुमच्याशी त्यातलं काही बोलायचं नाही. मला रविवारबद्दल बोलायचंय.

रविवार म्हणजे आपल्या न्हावऱ्याच्या दूध डेअरीवरचा हॉल. सकाळचं दूध घालून झालं, खाली कॅन धुवून झाले की वर तुमचा वर्ग भरायचा. रिटायर होऊन गावात आल्यावर तुम्ही तो सुरू केलात तेव्हा मला वाटलं होतं, चार महिने चालेल. कोण येणार? गोठा सोडून बायका येणार, का कांद्याची काढणी सोडून बाप्ये येणार? पण आले. अठरा जण तर नेमाचे झाले. बारावीला इंग्रजीतच अडकलेली दोन पोरं, चौकातला टेलर, डेअरीत दूध मोजून घेणाऱ्या शालनताई, सत्तरीतले भानुदास आप्पा, ज्यांना इंग्रजी कशासाठी पाहिजे हे अजून त्यांनाही माहीत नाही. आणि तुम्ही त्यांना काय शिकवलंत? ए फॉर ॲपल नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'हाऊ टू लिव्ह अ हंड्रेड इयर्स'. शंभर वर्षं कसं जगावं. पहिला धडा पाण्याचा, दुसरा झोपेचा, तिसरा चालण्याचा, चौथा घास किती वेळा चावायचा त्याचा. मी हसलो तर म्हणालात, माणसाला कुठल्याच विषयावर बोलता आलं नाही तरी स्वतःच्या गुडघ्यावर तासभर बोलता येतं. म्हणून इंग्रजी गुडघ्यापासून सुरू करायचं.

आणि ते बरोबर निघालं, हे मला तेव्हाच कबूल करायला हवं होतं. ज्या बायका बँकेत साहेबासमोर तोंड उघडत नव्हत्या त्या हॉलमध्ये उभ्या राहून इंग्रजीत सांगायच्या की मी पहाटे पाचला उठते, दोन तांबे पाणी पिते, माझा डावा गुडघा थंडीत दुखतो. भानुदास आप्पा तर एसटीत शेजारच्या कॉलेजकुमाराला इंग्रजीत विचारून आले, तू घास किती वेळा चावतोस. तो पुढच्या थांब्यावर उतरला.

आपला वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, मामा, लोकांना रांजणगावला कंपनीत लागायचंय, त्यांना मुलाखतीचं इंग्रजी द्या, हे चावायचं आणि चालायचं काय घेऊन बसलात. तुम्ही म्हणायचात, कंपनीत जायला आधी जिवंत राहावं लागतं. हे म्हणताना तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात, आणि मला राग यायचा.   आज तर ते वाक्य मला आठवूही नये असं वाटतं.

दुसरा वाद मोठा होता. तो आपण दोघांनीही गावाला कळू दिला नाही, पण अर्ध्या चौकानं तो ऐकला होता. मागच्या हंगामातली गोष्ट. ऊसतोडीला आलेला तो बीडकडचा माणूस पाठ दुखते म्हणून माझ्या दुकानातून गोळ्या नेत होता. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. कुणाकडंच नसते. मी देत गेलो आणि तो खात गेला, उपाशीपोटी, फडात उभ्याउभ्या. एक दिवस त्याला रक्ताची उलटी झाली. तुम्हीच त्याला जीपमध्ये घालून शिरूरला दवाखान्यात नेलंत. तो वाचला. संध्याकाळी परत आलात ते थेट माझ्या काउंटरपाशी आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "दत्ता, तू दुकानदार हाईस. डॉक्टर न्हाईस."

मला ते लागलं, मामा. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी पण सोडलं नाही. म्हणालो, तुम्ही तरी कुठले डॉक्टर, तुम्हीबी दर रविवारी लोकांना तब्येतच शिकवताय की. तुम्ही पिशवी उचलून निघून गेलात. त्यानंतर चार-पाच महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. आई मधल्यामध्ये निरोप पोचवायची, भावाला भाकरी-पिठलं पाठवायची आणि मला शिव्या द्यायची.

मग पोळ्याच्या सुमारास तुमचा निरोप आला. रविवारी हॉलवर ये, वर्गात डॉक्टर पाहिजे. मी आलो तर तुम्ही दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या. 'ॲट द डॉक्टर' हा धडा. एका खुर्चीत पेशंट, एका खुर्चीत डॉक्टर, दोघांनी इंग्रजीत बोलायचं. पेशंट तुम्ही. डॉक्टरच्या खुर्चीकडं बोट दाखवून म्हणालात, बस, खोटा का होईना, डॉक्टर हो. सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, ही तुमची माफी मागायची तऱ्हा. मास्तर माणूस, तोंडानं कशाला मागेल? मी खुर्चीत बसलो आणि आपलं मिटलं. माझ्या मनातून मात्र ते दुकानदाराचं वाक्य गेलं नव्हतं, हे तुम्हाला आज सांगतो.

तुम्ही मला एक कागद दिला होता. त्यावर डॉक्टरचं बोलणं तुमच्याच अक्षरात लिहिलेलं. पेशंट काहीही म्हणाला तरी डॉक्टरनं तेच म्हणायचं: डोन्ट वरी. टेक रेस्ट. ड्रिंक वॉर्म वॉटर. काळजी करू नका, आराम करा, कोमट पाणी प्या. तुम्ही म्हणालात, डॉक्टरचं वाक्य पाठ होईपर्यंत तेच ठेवू, पेशंटचं मी बदलत जाईन.

आणि तुम्ही बदलत गेलात.

दिवाळीनंतरच्या रविवारी पेशंट म्हणाला की पायऱ्या चढताना मला थकवा येतो. वर्गानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी पेशंट म्हणाला की आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून मी दोन उशा घेतो. तेही उतरवून घेतलं. तिसऱ्या रविवारी तुम्ही छातीच्या मधोमध तळवा ठेवून म्हणालात, डॉक्टर, इथं कुणीतरी कांद्याची गोणी ठेवल्यासारखं वाटतं. 'लाइक अ बॅग ऑफ अनियन्स.' त्या दिवशी हॉल असा हसला की खालचे दूधवाले वर बघायला आले. भानुदास आप्पांनी आपली गोणी कितीची ते विचारलं. तुम्हीही हसत होतात, आणि हसता हसता खुर्चीच्या पाठीला धरून उभे होतात. मी कागदावरचं वाचून दाखवलं: डोन्ट वरी. टेक रेस्ट.

मला पेशंट काय म्हणतोय ते ऐकूच येत नव्हतं, मामा. मी माझं वाक्य नीट येतंय का तेवढंच बघत होतो. अठरा जणांसमोर इंग्रजी बोलताना माझी जीभ चिकटते. डी फार्मसी करून वीस वर्षं औषधं विकणारा माणूस मी. दुकानात कुणी मराठीत हेच म्हणालं असतं, की पायऱ्या चढताना दम लागतो, आडवं झोपवत नाही, छातीवर ओझं येतं, तर मी शटर ओढून त्याला गाडीवर घातलं असतं. निदान असं मला आता वाटतं. मराठीत तुम्ही फक्त मामींचं पित्त सांगितलंत. तेव्हाही मला एकदा विचारावंसं वाटलं होतं. तुमच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर चांगली थंडी होती. मी गोळ्या कागदात बांधल्या आणि मनात म्हणालो, आपण दुकानदार आहोत ना, मग दुकानदारानं चौकशा कशाला करायच्या. तुम्ही मागितलं, मी दिलं. एवढं कोतं माझं मन होतं, आणि तेवढ्यानंच घात झाला.

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. हॉलला बावीस पायऱ्या. वर चढताना सगळ्यांनी इंग्रजीत मोजायचं ही तुमचीच शिस्त. वन, टू, थ्री करत सगळा वर्ग वर यायचा, आणि तुमचा आवाज सगळ्यांत मोठा. गेल्या दोन महिन्यांत तो आवाज अकरा-बारापर्यंत यायचा आणि पुढं नुसते बाकीचेच मोजायचे. मी मागून चढत असायचो. मला वाटायचं, मास्तर आता पोरांनाच मोजू देतात.

एका माणसाला मात्र कळलं होतं. ठकूबाईला. त्या नव्वदीच्या पुढं आहेत, किती पुढं ते कुणालाच सांगता येत नाही. धनगरवस्तीवरून मी त्यांना गाडीवर आणलं, कारण तुम्हाला वर्गासमोर दीर्घायुष्याची खरी साक्षीदार उभी करायची होती. हात धरून तुम्हीच त्यांना पायऱ्या चढवल्यात. वर्गानं इंग्रजीत प्रश्न विचारायचे, तुम्ही मराठीत सांगायचे, त्यांनी उत्तर द्यायचं, तुम्ही ते इंग्रजीत फळ्यावर लिहायचं. शालनताईंनी विचारलं, तुमच्या एवढ्या आयुष्याचं गुपित काय? ठकूबाई म्हणाल्या, मला कुणी बोलवायलाच आलं न्हाई. वर्ग लोटपोट झाला. तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत.

मग त्यांनी तुमच्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचंच काईतरी बिनसलंय. आमी मेंढरं राखल्याली मानसं. कळपात मागं कोन राहतंय ते आमाला लांबून कळतं. वैदाला दावा सोताला."

सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही फळ्याकडं वळलात, खडू उचललात आणि लिहिलंत, 'शी सेज, वॉक स्लोली.' आजी म्हणतात, सावकाश चाला. वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. मी शेजारी उभा होतो. ठकूबाई जे म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि तुम्ही जे लिहिलंत ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकीच्यांनीही. आपण सगळ्यांनी मिळून मास्तरांनी लिहिलंय तेच खरं धरलं, कारण फळ्यावर लिहिलेलं आपल्याकडं कुणी खोडत नाही. ठकूबाईंना मी गाडीवर परत सोडलं. उतरल्यावर म्हणाल्या, तू त्यांचा भाचा ना. मी हो म्हणालो. त्या आत गेल्या.

मग शेवटचा रविवार. तुम्ही मला कागद दिलात तर डॉक्टरची बाजू कोरी होती. वर्गाला सांगितलंत, आज डॉक्टर स्वतःच्या मनानं बोलणार.  तुम्ही समोर बसलात, दोन्ही हात मांडीवर ठेवलेत आणि म्हणालात की आता ते डाव्या हातात उतरतं, जबड्यापर्यंत येतं. आणि मग, 'डॉक्टर, शुड आय बी अफ्रेड?' डॉक्टर, मला भ्यायला हवं का?

वर्ग शांत होता. तुम्ही इतके चांगले बोललात म्हणून शांत होता. मी शब्द शोधत होतो. मामा, मला एक शब्द येत होता. ईसीजी. तो इंग्रजीच आहे. तो म्हणायला मला व्याकरण लागत नव्हतं, कागद लागत नव्हता. रोज दहा वेळा मी तो म्हणतो. पण तो माझ्या डोक्यातच आला नाही, कारण माझ्या डोक्यात माझंच इंग्रजी होतं. मी म्हणालो, डोन्ट वरी.

टाळ्या पडल्या. तुम्ही माझ्याकडं क्षणभर बघितलंत. काय होतं त्या बघण्यात ते मी गेले तीन आठवडे शोधतोय. मग तुम्ही 'व्हेरी गुड' म्हणालात, आणि बराच वेळ खुर्चीतून उठला नाहीत. मी खाली येऊन दुकान उघडलं.

मंगळवारी सकाळी तुम्ही रोजच्यासारखे कालव्याकडं चालायला गेलात. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तुम्हाला मोरीच्या कठड्यावर बसलेलं पाहिलं. जाताना पाहिलं, ट्रॉली खाली करून येतानाही पाहिलं. त्याला वाटलं, मास्तर ऊन खात बसलेत. तिसऱ्या वेळी तो खाली उतरला. मी पोचलो तेव्हा तुमचे बूट जागच्या जागी होते आणि चष्मा नाकावर होता. मी तुमच्या मनगटाला हात लावला. ते माझं काम नाही, पण लावला.

मला तुमचा राग येतो. खोटं कशाला बोलू? तुम्ही मराठीत का नाही सांगितलंत? मी तुमचा सख्खा भाचा, बोटाला धरून पहिल्यांदा शाळेत तुम्हीच नेलं होतंत. काउंटरवर हात ठेवून एवढंच म्हणायचं होतं, दत्ता, मला बरं वाटत नाही. मामी सांगतात, तुम्ही दोन उशा घ्यायला लागलात तेव्हा त्यांना वाटलं, वाचायला घेत असाल. त्यांनाही तुम्ही सांगितलं नाहीत. मग वाटतं, कसं सांगणार होतात? शंभर वर्षं जगायचं शिकवणारा मास्तर सहासष्टाव्या वर्षीच छातीला हात लावून बसला, हे गावाला कसं दिसलं असतं? आणि मी तुम्हाला भर चौकात म्हणालो होतो ना, तुम्ही तरी कुठले डॉक्टर. ते तुमच्याही मनातून गेलं नसणार. आपण दोघं एकाच मातीचे. म्हणून तुम्ही दोन खुर्च्या मांडल्यात, मला समोर बसवलंत आणि आपल्या दोघांपैकी कुणालाच ओशाळं वाटू नये अशा भाषेत मला विचारत राहिलात. मला हे असंच वाटतं. कदाचित चुकीचंही असेल. तुम्ही हो किंवा नाही म्हणायला इथं असायला हवे होतात.

आणि उपकार कसे विसरू? मला ज्या वेळी कुणी काही समजत नव्हतं त्या वेळी तुम्ही मला पुण्याला शिकायला पाठवलंत. दुकानाची पहिली फळी तुम्ही स्वतः रंधा मारून बसवलीत. त्या ऊसतोड्याच्या वेळी तुम्ही मला ओरडला नसतात तर मी आजही तसंच केलं असतं. त्यानंतर चिठ्ठीशिवाय मी ती गोळी कुणाला दिली नाही. तुम्हाला हे सांगायचं राहिलं. तुमच्यापुढं हरलो असं दिसेल म्हणून राहिलं.

आज रविवार. मला हॉलवर जायचं नव्हतं. शालनताईंचा फोन आला की सगळे येऊन बसलेत, तुमीच या. गेलो. फळ्यावर तुमच्या अक्षरातलं तसंच होतं, कुणी पुसलं नव्हतं. भानुदास आप्पा म्हणाले, सरांची आठवण म्हणून तेवढं डॉक्टरचं करू, काय हुबेहूब करायचं मानूस, खरंच छातीत दुखतंय असं वाटायचं. सगळ्यांनी माना हलवल्या.  मग शालनताई उठल्या, मी बसते म्हणाल्या आणि तुमच्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा करून त्यांनी उजवा हात डाव्या काखेशी नेला आणि कुठंही न अडखळता म्हणाल्या, 'डॉक्टर, देअर इज अ लंप हिअर. इट इज ग्रोइंग.' इथं गाठ आहे. ती वाढतेय.

मागून कुणीतरी टाळी वाजवली.

मी मराठीत विचारलं, ताई, हे वहीतलं आहे का खरं आहे?

त्यांनी मांडीवरची वही हातात घेतली. मग म्हणाल्या, "खरं हाय. दिवाळीपासनं हाय."

घरी सांगितलंय का, मी विचारलं.

"न्हाई. हिथं सांगितलं की. तीन येळा सांगितलं."

त्यांनी वही पुढं केली. तीन वेगवेगळ्या तारखांना तेच वाक्य लिहिलेलं होतं आणि तिन्ही ठिकाणी तुमची लाल बरोबरची खूण होती. शेवटच्या खुणेखाली तुमच्या सुंदर अक्षरात 'गुड' लिहिलेलं होतं. तुम्हीही ऐकलं नव्हतंत, मामा. तुम्हीही फक्त इंग्रजीच तपासलं होतंत.  त्याच वेळी, काय सांगू, तुमच्याबद्दल इतकी माया वाटली की मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

मी वही मिटली आणि सगळ्यांकडं वळलो. म्हणालो, पेन खाली ठेवा. आजवर ह्या वर्गात आपापल्या तब्येतीचं जे जे बोललात, लिहिलंत, त्यातलं ज्याचं खरं होतं त्यानं हात वर करा.

 खाली डेअरीत पाण्याचा नळ वाहत होता. मग भानुदास आप्पांनी हात वर केला, खांद्याच्या वर गेला नाही एवढाच. मग टेलरनं केला. मग मागं बसलेल्या दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनीही केला. मग बारावीतल्या पोरानं, ज्याच्या वाक्यांना आपण सगळ्यांत जास्त हसायचो. मी बघत गेलो आणि हात येत गेले. अकरा हात, मामा. अठरातले अकरा. आणि ते सगळे हात वर ठेवूनच माझ्याकडं बघत होते, डॉक्टर आता काय म्हणतात ते ऐकायला.

मी म्हणालो, "उद्या दुकान बंद हाय. सकाळी सातला चौकात जीप उभी असंल. शिरूरला जायचंय. घरी मी येऊन सांगतो."